शेवरी कोणती आणि धैंचा कोणता

आमच्या फलटण भागात ‘शेवरी’ हा शब्द जरा जपून घ्यावा लागतो. चौघांना म्हणा, शेवरी दाखवा, तर चौघे चार झाडांपाशी नेऊन उभे करतील. शेळ्या राखणारी बाई ओढ्याच्या काठाला नेईल. ऊसवाला लागणीआधी हिरवळीच्या खतासाठी पेरलेले रान दाखवील. तिसरा बांधावरच्या सुबाभळीकडे बोट करील. आणि चौथा म्हणेल, शेवरी म्हणजे जिचा कापूस उशीत भरतात ती, काटेरी खोडाची, लाल फुलांची. ती सावर. भला मोठा वृक्ष तो. काही भागांत तिला शेवरी म्हणतात एवढेच, आपल्या आजच्या विषयाशी तिचे नाते नाही. घोळ आहे तो पहिल्या तिघांत, आणि त्यातही पहिल्या दोघांत जास्त.

नावात गोंधळ असला म्हणून बिघडते कुठे, असे कोणालाही वाटेल. आमच्या भावकीतल्या एका पुतण्याच्या सहा शेळ्या या गोंधळापायी दावणीवरून गेल्या, म्हणून हे लिहायला घेतले.

पोरगा कष्टाळू. शिक्षण झाल्यावर दोन वर्षे पुण्यात नोकरी केली, मग गावी परतला आणि कर्ज काढून पंचवीस उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. कालव्याच्या चारीखाली त्यांची पंधरा गुंठे जमीन आहे, ती पाझराने कायम ओलसर असते. तिथे ऊस पिवळा पडतो, ज्वारी तर येतच नाही. कोणीतरी त्याला सांगितले, इथे शेवरी लाव, पाय पाण्यात ठेवून वाढणारे झाड आहे, शेळ्यांना बारा महिने पाला होईल. सल्ला अगदी बरोबर होता. त्याने एका दुकानातून बी आणले. पिशवीवर कंपनी नाही, जात नाही, नुसती हाताने लिहिलेली चिठ्ठी: शेवरी. मृगात पेरले. उगवण अशी झाली की येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. पोळ्यापर्यंत पीक डोक्याच्या वर गेले. त्याने कोयत्याने कापून घातले, शेळ्यांनी आवडीने खाल्ले. पुन्हा फुटवे आले ते मात्र तुरळक. दसऱ्याला फुले, दिवाळीला शेंगा, आणि मार्गशीर्षात बघावे तर सगळ्या रानाच्या काड्या झालेल्या. वाऱ्याने शेंगा खुळखुळत होत्या.

शेवरीच्या भरवशावर त्याने त्या वर्षी कडबा घेतलाच नव्हता.

माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काकी, मुळी कुजली का काय झालं? पाणी तर कधी हटलं न्हाई.” मी त्याच्याबरोबर रानात गेले. कडेला एक-दोन हिरवे फुटवे शिल्लक होते. एक डहाळी धरून बोट फिरवले आणि त्याला म्हटले, “लेका, ही शेवरी न्हवं. धैंचा हाय ह्यो. ह्याचं आयुष्यच चार-पाच महिन्यांचं.” त्याने खिशातून मोबाइल काढून शेवरीचे चित्र दाखवले. “पण काकी, चित्रात अशीच दिसती की!” दिसते खरी. चित्रातल्या डहाळीवर बोट फिरवता येत नाही, ही तेवढी अडचण.

चैत्रात वैरणीचे दर चढले तसे त्याला सहा शेळ्या लोणंदच्या बाजारात न्याव्या लागल्या. त्यातल्या तीन गाभण होत्या. गाभण शेळी विकायची म्हणजे येणारी दोन करडेही त्याच पैशात देऊन यायची.

दुकानदाराने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही. दोन्हींचे बी हातावर घेतले तर दोन्ही बारीक, लांबट, तपकिरी-हिरवट. भल्याभल्यांना बियांवरून सांगता येत नाही, आणि जो सांगता येते म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. म्हणून ज्याला खरी शेवरी हवी त्याने उभे झाड पाहावे, खात्री करावी, आणि त्याच झाडाचे बी धरावे.

खात्री करायची ती डोळ्यांआधी बोटांनी. शेवरीचे पान चिंचेच्या पानासारखे, म्हणजे मधे एक काडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना छोट्या पानांच्या जोड्या. धैंच्याचेही तसेच. पण धैंच्याच्या या मधल्या काडीवर आणि कोवळ्या खोडावर बारीक काटे असतात. बाभळीसारखे रक्त काढणारे नव्हेत. भेंडी तोडताना बोटांना जेवढे खुपते तेवढेच. शेवरीच्या कोवळ्या शेंड्याला थोडी लव असते, पण खुपणारे काही नाही. यावर एकदम निकाल मात्र देऊ नये, कारण धैंचा म्हणून जे बी बाजारात येते त्यात बिनकाट्याची एक जातही निघते. काटा लागला तर धैंचा नक्की, न लागला तर पुढची खूण बघायची.

पुढची खूण म्हणजे छोट्या पानांच्या जोड्या मोजणे. झाडाच्या मध्यावरचे पूर्ण वाढलेले पान घ्यावे, शेंड्याचे घेऊ नये. शेवरीला साधारण दहा ते पंचवीस जोड्या भरतात, आणि प्रत्येक पान जरा रुंद असते. धैंच्याला वीस-पंचवीसच्या पुढे, कधी चाळीस-पन्नासपर्यंत, आणि पाने अरुंद व दाट. एका पानावर न थांबता पाच-सहा पाने मोजावीत. आमच्या घरातली शाळेतली नात हे काम फार आनंदाने करते. तिला सांगावे लागते ते एवढेच की संध्याकाळी मोजू नको. दिवस मावळला की दोन्हींची पाने मिटतात.

फुलावर जाऊ नये. फूल दोघींचे पिवळे, पतंगासारखे, आणि पाठीवर काळपट-जांभळे ठिपके दोघींना असतात. शेवरीच्या घोसात फुले जास्त, कधी पंधरा-वीससुद्धा, धैंच्याच्या घोसात थोडी, इतका फरक धरता येतो. शिवाय शेवरीचीच एक तऱ्हा अशी आहे की तिच्या फुलाच्या वरच्या पाकळीची पाठ सगळीच गर्द जांभळी असते. कळी तर काळीच दिसते. ती बघून लोक म्हणतात, हे काहीतरी निराळेच तण आले, आणि उपटून टाकतात. ती शेवरीच. शेळीला विचारा, ती दोन्हींत फरक करीत नाही.

पाण्यात उभे राहण्यावरूनही निवाडा होत नाही. शेवरी दलदलीत, ओढ्याच्या काठी, कालव्याच्या पाझरात वाढते हे खरे. बुडाशी पाणी साचले तर खोडाचा खालचा भाग सुजल्यासारखा, भेंडासारखा पोकळ-मऊ होतो आणि वरून नव्या मुळ्या सुटतात. त्यातून मुळांना हवा मिळते, म्हणून ती तगते. पण हीच युक्ती धैंच्यालाही येते. तेव्हा ‘पाण्यात आहे म्हणजे शेवरी’ हा हिशेब चुकीचा.

सगळ्यात खरी खूण काळाची. धैंचा एका पावसाळ्याचा पाहुणा. पावसाळ्यात येतो, हिवाळ्यात वाळतो. शेवरी माघात हिरवी, वैशाखात हिरवी, आणि दुसऱ्या वर्षी तिचे बूड मनगटाएवढे होते. साल करडी पडते, फांद्या पसरतात. माणसाच्या दीडपट-दुप्पट सहज वाढते, जागा मानवली तर त्याहून उंच. चार-पाच वर्षांत तीही थकते, पण तोवर तिच्या पायाशी तिची पोरे उभी असतात. म्हणून उन्हाळ्यात जाऊन जे हिरवे दिसेल तेच झाड बियांसाठी खुणेने धरावे, ही माझ्या सासूबाईंची रीत.

आत्याबाईंना शाळा माहीत नव्हती, पण त्या ओढ्याच्या काठाची एकेक शेवरी ओळखत. माझे माहेर माण तालुक्यातले. तिकडे बाभूळ, बोर, हिवर हीच आमची झाडे. १९७२ च्या दुष्काळात मी लहान होते. आई-वडील खडी फोडायला जायचे आणि आम्ही भावंडे शेळीमागे बोरीच्या काटक्या ओरबाडत फिरायचो. लग्न होऊन फलटण भागात आले, तेव्हा आत्याबाई त्याच वर्षाची गोष्ट सांगायच्या. ओढा आटला, पण झिऱ्याच्या कडेने ओल होती, तेवढ्यात सात-आठ शेवऱ्या तगल्या. त्यांच्या डहाळ्यांवर त्यांनी दोन शेळ्या आणि एक पाडी वाचवली. रोज एका झाडाला हात लावायचा, उद्या दुसऱ्याला, आणि पुन्हा पहिल्याशी यायला आठवडा जायचा. शेजारणीने एकदा अख्खे झाड तोडून नेले तर आत्याबाई तिच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत म्हणे. मला ते तेव्हा अति वाटले होते. आता वाटत नाही.

शास्त्राच्या पुस्तकात शेवरी, धैंचा आणि हादगा या तिघी सख्ख्या बहिणी आहेत. कुळाचे नाव सेसबानिया. शेवरीला सेसबानिया सेसबान म्हणतात. हे सेसबान मूळचे अरबी नाव, कारण ही शेवरी आपल्यापासून इजिप्त-आफ्रिकेपर्यंत ओढ्या-नद्यांच्या काठाने पसरलेली आहे. संस्कृतात ती जयंती. बंगालात दुर्गापूजेच्या वेळी नऊ वनस्पतींची मोळी पुजतात, त्यात केळ, हळद, बेल, डाळिंब यांच्याबरोबर जयंतीची डहाळी असते. धैंचा म्हणजे सेसबानिया बिस्पिनोजा. जुन्या शेतकी पुस्तकांत त्याला ॲक्युलिएटा लिहिलेले सापडेल. काही गावांत त्याला रानशेवरी म्हणतात, आणि तिथूनच घोटाळ्याला सुरुवात होते.

धैंच्याला मी नावे ठेवते आहे असे कोणी समजू नये. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने आमच्या भागात ऊस आला, पैसा आला, आणि सखल रानांत मीठही फुटले. अशा चोपण, खारवट जमिनीत धैंच्याइतका कामाला येणारा गडी नाही. पेरल्यापासून सहा-सात आठवड्यांत, फुलावर यायच्या सुमारास, तो गाडून टाकला की जमीन भुसभुशीत होते आणि नत्रही मिळते. त्याची वेळ चुकली की मात्र तो तण होतो. शेंगा फुटून बी सांडले, तर कठीण टरफलाचे ते बी जमिनीत पडून राहते आणि पुढे कांद्यात, हरभऱ्यात, उसाच्या सरीत वर्षानुवर्षे डोके काढत राहते. पुतण्याच्या रानाला लागून असलेल्या कांद्यात पुढच्या साली तेच झाले. खुरपणीला दोन बायका जास्त लावाव्या लागल्या. त्याने मग त्या पंधरा गुंठ्यांत पुन्हा उगवलेला धैंचा दीड महिन्याचा असतानाच रोटर मारून गाडला आणि निम्म्या तुकड्यात शेवरी लावली, या खेपेला ओढ्याच्या झाडाचे बी घेऊन. ती आता तिसऱ्या वर्षात आहे.

धैंच्याचाच आणखी एक परदेशी भाऊ आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी आला आहे, मूळ आफ्रिकेतला, सेनेगलकडचा. त्याची ओळख सोपी. नत्राच्या गाठी इतरांच्या मुळावर असतात, याच्या खोडावरही उभ्या रांगांनी असतात, अंगावर मोहऱ्या चिकटवल्यासारख्या. तोही वर्षाचाच. गाडायला उत्तम, शेळ्यांच्या बारमाही चाऱ्यासाठी नव्हे.

हादगा तर सांगायलाच नको. हात्ती पुजून फेर धरलेल्या आपल्या मुलींना त्याचे नाव पाठ असते. पान शेवरीसारखे पण मोठे, फूल बोटाएवढे लांब, पांढरे किंवा लाल, आणि त्याची भाजी होते. शेंगा हातभर. त्याच्यात आणि शेवरीत कोणी फसत नाही, फक्त रोपे वीतभर असताना सारखी दिसतात.

सुबाभळीचे थोडे सविस्तर सांगते, कारण चाऱ्याच्या गोष्टी निघाल्या की ती मध्ये येतेच. ती मूळची मेक्सिकोकडची. १९७० च्या दशकात मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने तिचा फार प्रसार केला, आणि एके काळी आमच्याकडे बांधाबांधावर ती झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिच्यावर शेंड्यातला रस शोषणारी बारीक कीड आली, तेव्हा लोकांचा उत्साह ओसरला, पण झाडे राहिली आणि बी पडून पडून पडीक रानात माजली. ओळखायला सोपी. शेवरीच्या पानात एक काडी आणि तिला पाने. सुबाभळीच्या पानात एका काडीला अनेक काड्या आणि त्या काड्यांना पाने, बाभळीसारखी. फूल पांढऱ्या गोंड्याचे. शेंगा चपट्या, रुंद, झुपक्याने लोंबणाऱ्या. बी चपटे, चकचकीत तपकिरी. पाला पौष्टिक आहे, पण त्यात मिमोसीन नावाचे द्रव्य असते. घोड्याला, गाढवाला तो भरपूर घातला तर आयाळ-शेपटीचे केस गळतात. ऑस्ट्रेलियात गुरांना त्याचा फार त्रास व्हायचा. हवाई बेटांवरच्या शेळ्यांना मात्र तो बाधत नाही हे तिथल्या रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू विष पचवतात असे निघाले, आणि ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडून त्रास आवरला गेला. १९९२ साली त्या जिवाणूला जोन्स यांचेच नाव दिले. आपण शहाणपणाने एवढे करावे, की एकूण वैरणीत सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नये.

परदेशात या घराण्यातली एक विषारी जातही आहे, तिचे नाव ऐकून ठेवावे म्हणून सांगते. दक्षिण अमेरिकेतली, शेंदरी-लाल फुलांची, दिसायला फार देखणी. दक्षिण आफ्रिकेत शोभेसाठी नेली आणि तिने नद्यांचे काठच्या काठ भरून टाकले. तिथे तिच्या कळ्या, बिया आणि खोड खाणारे तीन जातींचे सोंडे आणून सोडावे लागले. तिची शेंग चौधारी, धारांना पंख फुटल्यासारखी असते. शेवरीची शेंग दोरीसारखी बारीक, वीतभर किंवा थोडी जास्त लांब, किंचित पीळ पडलेली, आणि प्रत्येक बीमागे आवळलेली. बागेसाठी म्हणून कोणी लाल फुलांची ‘शेवरी’ दिली तर आधी शेंग पाहावी, आणि शेळ्यांच्या वाटेवर तर मुळीच लावू नये.

आता मुळाची गोष्ट. सांगली-मिरजेकडे पानमळ्यात नागवेल चढवायला शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा लावतात. वेलीला आधार होतो, सावली होते, नत्रही मिळते. पण शेवरीच्या मुळाला सूत्रकृमी चटकन लागतो, आणि तो नागवेलीलाही सोडत नाही. टोमॅटो, वांगी, डाळिंब यांचाही तो वैरी. म्हणून शेवरीचे एखादे झाड हलकेच उपटून मुळ्या धुऊन बघाव्यात. नत्राच्या चांगल्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने टिचकी मारली की सुटतात, आणि फोडल्या तर आत तांबूस दिसतात. सूत्रकृमीच्या गाठी म्हणजे मूळच ठिकठिकाणी फुगलेले, ते काही केल्या सुटत नाही. तशा गाठी दिसल्या तर त्या तुकड्यात शेवरीनंतर टोमॅटो-वांगी घेऊ नयेत. आमच्या भागात डाळिंबाच्या बागेच्या कुंपणाला शेवरी लावायची टूम निघाली आहे. मला ती पटत नाही. शेवरीला ओढा आणि पाझर बरा.

चाऱ्याचे म्हणाल तर शेवरीच्या पाल्यात, वाळवून वजन केले तर, शेकडा वीस ते पंचवीस प्रथिने भरतात. म्हणजे पेंडीच्या पिशवीला मोठाच हातभार. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणून जुळी देणारी मेंढी तयार केली, ती आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पण जुळी झाली की आईला दूधही दुप्पट लागते, आणि दूध वैरणीतून येते, हे पुष्कळजण विसरतात. अशा वेळी शेवरीच्या दोन पेंढ्या फार उपयोगी पडतात. कापून दोन-तीन तास सुकू द्यावी, नुसती न घालता कडब्याबरोबर किंवा गवताबरोबर द्यावी. कोंबडीच्या लहान पिल्लांच्या खाद्यात मात्र शेवरीचा पाला मिसळू नये, त्याने पिल्ले मरतात.

कापायची ती गुडघ्याच्या वर. बुडाशी कापली की झाड मरते, आणि मग लोक म्हणतात शेवरी टिकत नाही. पहिली कापणी पाच-सहा महिन्यांनी, बूड अंगठ्याहून जाड झाल्यावर. पुढे दोन-अडीच महिन्यांनी, आणि दर वेळी दोन-चार पानांच्या फांद्या झाडावर सोडाव्यात. पूर्ण बोडके झाड फुटायला वेळ लावते.

आमच्या ओढ्याचे काय झाले तेही सांगायला हवे. ओढा खोल करायचे ठरले, यंत्र आले. काम चांगलेच होते, गाळाने ओढा भरला होता. पण काठावरचे हिरवे ते सगळे तण, असे धरून यंत्र चालू लागले. बेशरमीची दाटी होती, तिच्यात घाणेरी होती, आणि त्यांच्यात या शेवऱ्या. बेशरम उपटली त्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. शेळी तिला तोंड लावत नाही, आणि लावलेच तर आजारी पडते. पण शेवरीच्या मुळ्या काठ धरून ठेवतात. खोल केलेल्या ओढ्याचा काठ पहिल्याच पुरात ढासळतो, त्याला धरायला काही नको का? मी सरपंचबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “मावशी, यंत्रावरच्या पोराला कुठली ठेवायची न् कुठली काढायची कसं कळायचं?” प्रश्न रास्त होता. मग आम्ही चार बायका आणि शाळेतली दहा-बारा पोरे सकाळी जाऊन जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या शेवरीच्या खोडाला बांधत गेलो. पोरे पानांच्या जोड्या मोजायची, आम्ही बोट फिरवून बघायचो. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे धैंचा आधीच वाळून गेला होता आणि काम सोपे झाले. एका ठिकाणी पोरांनी तरवडाला चिंधी बांधली, फूल पिवळे म्हणून. हसून सोडवली. सगळ्या मिळून अकरा झाडे वाचली, खालच्या वळणावरची राहून गेली कारण तिथले काम आदल्या दिवशीच झाले होते. त्या वळणाचा काठ दोन पावसाळ्यांत तीन-चार हात आत सरकला आहे. वरचा आहे तिथे आहे.

बी धरायचे तर पौष-माघात शेंगा पिवळट-तपकिरी झाल्या की फुटायच्या आत तोडाव्यात, सगळ्या एकाच झाडाच्या न घेता चार-पाच झाडांच्या घ्याव्यात. उन्हात वाळवून काठीने बडवले की बी सुटते. भुंगा लागतो, म्हणून राखेत घोळून बरणीत ठेवावे आणि बरणीवर झाड कुठले ते लिहून ठेवावे. पेरायच्या आदल्या रात्री कढत पाण्यात टाकून ते पाणी निवेपर्यंत तसेच राहू द्यावे, म्हणजे उगवण एकसारखी होते. दोन हातांवर ओळी धराव्यात, रोपे दाट उगवली तर विरळावीत, आणि पहिले दीड-दोन महिने भांगलण चुकवू नये, कारण लहानपणी शेवरी धैंच्यापेक्षा सावकाश वाढते आणि गवताखाली दबते. पेरल्यावर दोन महिन्यांत पीक डोक्याच्या वर गेले, तर खूश होण्याआधी एक डहाळी धरून बोट फिरवून बघावे.